खुटबावच्या विहिरीवर, शनिवारी तीन वाजता

माझे वडील विहिरी खोदायचे. दुसऱ्यांच्या. विहिरीच्या तोंडाशी यारी उभी करायची, म्हणजे दगडमाती वर ओढायचं यंत्र. वडील दिवसभर खाली सुरुंगाची भोकं पाडायचे आणि वर आलेला मुरूम आई पाटीत भरून लांब नेऊन टाकायची. आमचं घर म्हणजे त्या त्या विहिरीशेजारचं पाल. शिरूर तालुक्यात एक विहीर झाली की दौंड तालुक्यात दुसरी. खाली पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा, पेढे वाटायचा, आणि आमचं काम संपायचं. पाण्याशी आमचा संबंध एवढाच. पोहायला घरात कुणालाच येत नव्हतं. एका पावसाळ्यात माझा चुलता, स्वतःच खोदलेल्या विहिरीत राहिलेली पहार काढायला उतरला आणि वर आला नाही. मी तेव्हा चौथीत होते.

त्या वर्षी मी पोहायला शिकले. चोरून शिकले, आईचा मार खाऊन शिकले. शाळा किती बदलल्या ते मोजलं नाही, पण सोडली नाही. बी.ए. केलं, बी.पी.एड. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नंतर लाइफगार्डचा कोर्स केला. आता दौंडमधल्या एका स्पोर्ट्स क्लबमध्ये मी बायकांच्या पोहण्याच्या बॅच घेते. पाण्यात उतरलेली बाई माझ्या शब्दावर कठडा सोडते. ती जबाबदारी काय असते हे मला पक्कं कळतं, असं मी समजत होते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता क्लबच्या टँकच्या तळाच्या फरशा उखडल्या. टँक रिकामा करावा लागला. आमचे सेक्रेटरी सुरेश सर. त्यांनी मला बोलावलं.

“मॅडम, सप्टेंबरची लेडीज बॅच कॅन्सल करायची नाही. कुरकुंभच्या कंपनीतल्या पाच जणींनी नावं दिलीत.”

“टँक नाही सर. शिकवू कुठं?”

“विहिरीत. आपण काय टँकमध्ये शिकलो का? ‘वीकेंड आउटिंग’ नाव देऊ. बस देतो. विहीर तुम्ही शोधा, तुमच्या घरात विहिरींची माहिती आहे.”

टोमणा होता की कौतुक, ते मी विचारलं नाही. विहीर मात्र शोधली. खुटबावला बापूंची. बापू बागायतदार माणूस. ऊस, झेंडू, थोडी पालेभाजी. ग्रामपंचायतीला उभं राहायचं मनात होतं. विहीर मोठी, काठ बांधलेला, एका बाजूने दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. भाद्रपदात पाणी इतकं वर होतं की खालच्या पायऱ्या बुडालेल्या. शिकवायला याहून चांगली जागा मिळत नाही.

बापू म्हणाले, “पैसं बियसं काय नकोत मॅडम. गावातल्या पोरीबाळींना बी घ्या. फक्त दोन गोष्टी. दुपारी एकला थ्री फेज येतो, मला मोटर चालू करावी लागती. तुमी साडेबाराला विहीर रिकामी करायची.”

थ्री फेज म्हणजे शेतीच्या मोटारींना लागणारी वीज. ती दिवसाचे ठरावीक तासच मिळते. ती येण्याची वेळ शेतकऱ्याला पाठ असते.

“दुसरी गोष्ट?”

“आमच्या घरातलं माणूस उतरायचं न्हाई. मंगल चहा आणून देईल, बसंल घटकाभर. पान्यात न्हाई. लोक बोलत्यात उगं.”

मी दोन्ही गोष्टींना हो म्हणाले.

शनिवार-रविवार, दहा ते बारा. कुरकुंभच्या पाच, खुटबावच्या तीन. पाठीला तेलाचा रिकामा प्लॅस्टिक कॅन बांधायचा, त्याने माणूस बुडत नाही. रोज थोडं थोडं हात-पाय मारणं, श्वास सोडणं, मग एक दिवस कॅन काढायचा. सगळ्यात पुढे होती रेश्मा, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. ती बाकीच्यांना हसवायची. “मॅडम, कंपनीत सुपरवायझर डोक्यावर, इथं पाणी डोक्यावर. फरक एवढाच की पाणी सही मागत नाही.”

विहिरीत वर्ग घ्यायचा तर एक माणूस कायम वर लागतं. दोर हातात घेऊन, पाण्यातली डोकी मोजत. आमच्याकडे ते काम हौसाआज्जी करायच्या. बापूंच्या भावकीतल्या, साठीच्या पुढच्या, गुडघ्यांनी हैराण. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं होतं.

“मला शिकवू नगंस पोरी. मी ह्याच हिरीत वाळका भोपळा बांधून शिकलेली हाय. तवा कुटं व्हतं तुझं सर्टिफिकेट?”

“मग वर बसून बघा की आज्जी.”

“बघतीच हाय. तुजं बी बघती.”

मंगलवहिनी, बापूंची बायको, पहिले दोन दिवस चहाची किटली घेऊन आल्या आणि पायरीवर बसल्या. तिसऱ्या दिवशी पाय पाण्यात सोडले. चौथ्या दिवशी लेकीचा पंजाबी ड्रेस घालून आल्या आणि काही न बोलता माझ्यासमोर पाठ करून उभ्या राहिल्या. कॅन बांध म्हणून.

“वहिनी, बापू काय म्हणाले होते ते माहितीय ना?”

“ते दहाला भाजी घिऊन केडगावला जात्यात. एकच्या आत येत न्हाईत. बांधा.”

मी बांधला. वहिनी नववी झाली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. विहीर तिच्या घरची, अंगणातून दिसणारी, आणि वीस वर्षांत ती तिच्या पाण्यात उतरली नव्हती. आज्जी वरून म्हणाल्या, “मी आंधळी हाय गं. मला काय दिसत न्हाई.” सगळ्या हसल्या. मी पण हसले. इथे माझी पहिली चूक झाली. गुपित ठेवलं ही चूक नव्हती. ज्याच्याशी वेळेचा करार होता, त्याच्यापासूनच वर्गाची एक गोष्ट लपवायची सवय लावून घेतली, ही चूक.

मग पितृपंधरवडा लागला. शुक्रवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

“मॅडम, उद्या आमच्यात सासऱ्यांचं पित्र हाय. सैपाक, कावळ्याचं पान, जेवणारी माणसं, समदं उरकायला दोन वाजत्याल. तीनला घ्या की उद्याचा वर्ग.”

“तुम्ही एक दिवस नाही आलात तरी चालेल वहिनी.”

“उद्या कॅन काढनार म्हनलावता तुमी.”

म्हणाले होते खरं. बसवाल्याला विचारलं, त्याला तीन वाजता चालत होतं. रेश्मा आणि तिच्याबरोबरच्या दोघींची शनिवारी फर्स्ट शिफ्ट होती, त्या सुट्टी टाकणार होत्या, त्यांनाही तीन सोयीचं. फक्त एक अडचण.

“तीनला थ्री फेज असणार. मोटर बंद ठेवायला बापूंना सांगावं लागेल.”

“ते जेवून शिरूरला जानार हायेत. ट्रॅक्टरचा पार्ट आनायचाय. मोटर ते आल्यावर लावतील.”

“तरी वेळ बदलली एवढं सांगा त्यांना.”

“सांगते.”

ती सांगणार नाही हे मला तिच्या आवाजावरून कळलं. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, वेळ का बदलली. फोन माझ्या हातात होता. बापूंचा नंबर त्यात होता. मी लावला नाही.

शनिवारी पावणेतीनला मी विहिरीवर पोचले. आधी स्टार्टरची पेटी बघितली. विहिरीपासून दहा-बारा पावलांवर, लोखंडी खांबाला, वर पत्रा. आत मोटर चालू-बंद करायचा स्टार्टर, हिरवं आणि लाल बटण. शेजारी ‘ऑटो’चा स्विच. ऑटो म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू होते, शेतकऱ्याला रात्री-अपरात्री उठून यावं लागत नाही. ऑटो बंदच होता. लाल बटण दाबून बघितलं. मोटर बंदच होती. पेटीच्या कोपऱ्यात एक छोटा काळा डबा होता, त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं मीटर असेल. मी पेटीचं दार लावलं आणि खाली गेले.

ही दुसरी चूक. मला माहीत नसलेली वस्तू पेटीत होती आणि मी ती काय आहे हे कुणाला विचारलं नाही.

सव्वातीनला नऊ जणी पाण्यात होत्या. आज्जी वर काठावर, गुडघ्यावर पदर, हातात दोर. वातावरण मजेचं होतं. वहिनींनी आल्या आल्या सगळ्यांना पित्राचं जेवायला घातलं होतं, त्यामुळे पोटं जड. रेश्मा म्हणाली, “वहिनी, कढी-वडे तुम्ही केले आणि तरंगायचं आम्ही. पोटात दगड आहेत दगड.” वहिनी हसत होत्या. आज कॅन सुटणार म्हणून जरा घाबरलेल्या पण होत्या. म्हणून त्या पायऱ्यांजवळ होत्या. तिथे मोटारीचा लोखंडी पाइप पाण्यात उतरतो, त्याला आधाराला भिंतीत लोखंडी अँगल बसवलाय. दम खायला त्यांनी त्या अँगलला हात धरला होता. मी विहिरीच्या पलीकडच्या बाजूला दोघींना श्वास सोडायला शिकवत होते.

वर खट् असा आवाज झाला. छोटा आवाज. स्टार्टरचा तो आवाज शेतात वाढलेलं कुठलंही माणूस झोपेतही ओळखेल. पाठोपाठ पाण्याखालून घरघर सुरू झाली.

मी पहिल्यांदा पाइपाकडे बघितलं. पाइप हलत होता. मग वहिनींकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. हात अँगलवर होता. बोटं घट्ट मिटलेली. मान मागे ओढल्यासारखी.

त्याच क्षणी माझ्या शेजारची बाई म्हणाली, “मॅडम, पायाला मुंग्या येतात हो.” मलाही येत होत्या. पोटऱ्यांमध्ये, मग मांड्यांमध्ये. पाणी आतून चावतंय असं.

पाणबुडी मोटर पाण्याच्या आत असते. तिची वायर पाण्यातून जाते. वायरला मध्ये जोड असेल आणि त्या जोडाची टेप ढिली झाली असेल तर करंट पाण्यात आणि पाइपात उतरतो. पाणी काढताना कुणाला ते कळतही नाही, कारण विहिरीत कुणी नसतं. पण पाण्यात माणूस असेल तर त्याचे स्नायू आखडतात, हात-पाय चालेनासे होतात. माणूस पोहता येत असूनही बुडतो. हे सगळं मी कोर्समध्ये लिहून घेतलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता. मला पूर्ण मार्क होते.

आणि पायऱ्या, म्हणजे बाहेर पडायचा एकमेव रस्ता, पाइपाच्या शेजारी होत्या.

घाबरलेलं माणूस काठाकडे धावतं. सात जणी पायऱ्यांकडे वळल्या. सगळ्यांना मीच शिकवलं होतं की भीती वाटली तर पायऱ्यांकडे या. आता मलाच ओरडून सांगावं लागलं.

“मागे फिरा. पायऱ्यांकडे जाऊ नका. माझ्याकडे या. लोखंडाला हात लावू नका.”

एक जण ऐकेना. ती रडत पुढेच चालली. रेश्माने तिच्या पाठीचा कॅन धरला आणि तिला मागे ओढलं. “मॅडम सांगतात ते ऐक. तिकडं करंट आहे. मागं ये म्हणते ना.” तिने कॅन सोडला नाही.

“आज्जी,” मी वर ओरडले, “पेटीतलं लाल बटण दाबा.”

“कुठलं?”

“लाल. पेटी उघडा. हात कोरडा आहे का?”

“कोरडा हाय.”

“चप्पल पायात ठेवा.”

आज्जींचं डोकं काठावरून दिसेनासं झालं. त्यानंतर किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मी फक्त वहिनींच्या हाताकडे बघत होते. लाइफगार्डला एक क्रम शिकवतात. आधी काठी किंवा हात लांब करा. मग दोर टाका. सगळ्यात शेवटी स्वतः जा, कारण दुसरा बुडणारा तुम्ही होऊ नये. काठी नव्हती. दोर आज्जींनी काठावर टाकला होता, आणि असता तरी वहिनींचा हात तो धरणार नव्हता. करंट चालू असताना मी गेले असते तर मीही तिथेच राहिले असते. मी गेले नाही. पोहायला शिकल्यापासून पहिल्यांदा मी पाण्यात होते, समोर बाई मरत होती, आणि मी जागेवर होते.

घरघर थांबली. वहिनींचा हात सुटला आणि त्या पालथ्या झाल्या. पाठीवरच्या कॅनमुळे पाठ वर राहिली आणि तोंड पाण्यात गेलं. कॅन बुडू देत नाही हे खरं, पण शुद्ध गेलेल्या माणसाला तो पालथाच धरून ठेवतो.

आता मी गेले. आयुष्यात इतक्या जोरात हात मारले नसतील. वहिनींना उताणं केलं, हनुवटी वर धरली आणि पायऱ्यांच्या दिशेने ओढायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, “झालं, बंद झाली,” आणि त्या सगळ्याही पायऱ्यांकडे निघाल्या.

वर पुन्हा खट् झालं.

मला ते कळेना. लाल बटण दाबलेलं, ऑटो बंद, वर आज्जींशिवाय कुणी नाही. मोटर स्वतःहून सुरू होत होती. या वेळी मी पाइपापासून चार-पाच हातांवर होते. माझा उजवा हात खांद्यापासून आखडला. पाय लाकडाचे झाले. वहिनींची हनुवटी माझ्या डाव्या हातात होती, ती मी सोडली नाही एवढंच म्हणता येईल. पोहणं थांबलं होतं. आम्ही दोघी त्यांच्या कॅनवर तरंगत होतो. मला चुलता आठवला नाही, आई आठवली नाही. मला आठवलं की बापूंचा नंबर माझ्याकडे होता.

“आज्जी, किटकॅट काढा.” मी ओरडले की पुटपुटले, माहीत नाही. रेश्माने ऐकलं आणि तिने तोच शब्द मोठ्याने ओरडून वर पाठवला.

किटकॅट म्हणजे चिनी मातीचे पांढरे फ्यूज. पेटीत वरच्या बाजूला तीन असतात. ते उपसून काढले की वीज पुढे येऊच शकत नाही, मग बटण कुठलंही दाबा. मेन स्विचचा दांडाही असतो. पण बापूंच्या पेटीतला दांडा गंजून बसलेला होता हे आज्जींनाही माहीत होतं.

आज्जी नंतर सांगायच्या, “त्या पेटीला हात लावायची माजी टाप नव्हती. बापूच्या बापाला तिनंच एकदा फेकलावता. पर खाली नऊ पोरी. म्हनलं, माज्या जिवाची काय किंमत, गुडघे तर गेलेच हायेत.”

त्यांनी पदर हाताला गुंडाळला, एक काढला. मोटर गुरगुरली. दुसरा काढला. मोटर बंद झाली. तिसराही काढला आणि तिन्ही पदरात बांधून त्या काठावर आल्या.

“काढलं गं. समदं काढलं. आता कोन लावतंय बगती.”

वहिनींना पायरीवर घेतलं. श्वास चालत नव्हता. नाक दाबून तोंडाने श्वास दिले. मी मोजत होते आणि माझीच मोजणी चुकत होती. पाचवा की सहावा श्वास. मग त्यांना ठसका लागला, पाणी आलं, पित्राचं जेवण आलं, आणि त्यांनी डोळे उघडले. त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं.

“ह्यांना सांगू नका.”

तेवढ्यात वर त्यांचाच फोन वाजला. आज्जींनी तो खाली आणून माझ्या हातात दिला. स्क्रीनवर बापू. मी घेतला. मी काही म्हणायच्या आत ते बोलले.

“मंगल, मोटर ट्रिप व्हतीया बग. दोनदा लावली इथनं. जाऊन बग जरा पेटीकडं, काय झालंय.”

तेव्हा मला त्या काळ्या डब्याचा उलगडा झाला. तो मोबाइल स्टार्टर होता. आत सिमकार्ड. त्याच्या नंबरला रिंग दिली की मोटर सुरू होते, बंद पडली की मालकाला मेसेज जातो. बापू शिरूरच्या गॅरेजमध्ये बाकड्यावर बसून होते. वर्ग बाराला संपलाय असंच ते समजत होते. उसाला पाणी द्यायचं म्हणून त्यांनी रिंग दिली. आज्जींनी लाल बटण दाबलं, त्यांना मेसेज गेला. त्यांनी पुन्हा रिंग दिली. चाळीस किलोमीटरवरून, दोनदा.

“बापू,” मी म्हणाले, “मी मॅडम बोलतेय. आता रिंग देऊ नका. विहिरीत माणसं आहेत. मंगलवहिनी विहिरीत होत्या. जिवंत आहेत. तुम्ही या.”

पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी तो उचलून विचारलं, “हॅलो, कोण बोलतंय? हे खालीच बसले की.”

वहिनींना केडगावला दवाखान्यात नेलं. तळहाताला भाजलं होतं, छातीत पाणी गेलं होतं. दोन दिवस ठेवलं. बाकीच्यांना काही झालं नाही.

सोमवारी सुरेश सरांनी बोलावलं.

“रिपोर्ट लिहा. किरकोळ घटना, एक महिला सदस्य पाय घसरून पडली.”

“पाय घसरला नाही सर.”

“मॅडम, क्लबचं नाव आहे. तुमचीही नोकरी आहे.”

“नोकरी माझी आहे, म्हणूनच बरोबर लिहिते. वेळ मी बदलली, मालकाला मी कळवलं नाही, पेटी मला समजली नव्हती. तिन्ही गोष्टी लिहिते. सही माझी.”

“बॅच बंद करावी लागेल.”

“ते पण लिहा. तुमची सही.”

त्यांनी सही केली नाही. बॅच बंदही झाली नाही, लांबली.

त्यानंतर मी बापूंच्या घरी गेले. ते विहिरीवर होते. मोटर वर काढून ठेवली होती आणि ते वायरकडे बघत बसले होते. जोड दाखवला. टेप सुटून तांब्याची तार दिसत होती, पाइपाला घासून चकाकलेली.

“जॉइंट मीच मारलेला. उन्हाळ्यात. घाईत.” मग वायर खाली ठेवत, “रिंग बी मीच दिली.”

“वेळ मी सांगितली नाही बापू.”

“तिनं बी न्हाई सांगितली. का न्हाई सांगितली ते बी मला म्हाईत हाय आता.”

मग त्यांनीच विचारलं, “पुढचा वर्ग कवा?”

“तुम्ही म्हणाल तर नाही घेणार.”

“मी कोन म्हननार? ती म्हनतीया, कॅन काढायचा राहिलाय.” ते उठले. “नवी वायर टाकनार हाय, अखंड, जोड न्हाई. पर मोटर आता वर्ग संपल्याबिगर आत सोडायची न्हाई. आन् वर आज्जीबरोबर मी बसनार. चालंल का?”

आज्जी मागून म्हणाल्या, “बस की. पर किटकॅट माज्याकडंच राहत्याल. तुजा काय भरवसा न्हाई.”

तेव्हापासून मी विहिरीवर, शेततळ्यावर, नदीवर, कुठेही बॅच घेते तिथे कुणालाही ‘मोटर बंद आहे ना?’ असं विचारत नाही. या प्रश्नाचं उत्तर सगळे ‘हो’ देतात आणि ते खरंही असतं. मी विचारते, किटकॅट कुठे आहेत. ते माझ्या बॅगेत आल्याशिवाय पाण्यात पाय टाकत नाही. मालकाला स्वतः फोन करते, निरोपावर सोडत नाही. पेटीत ओळखीची नसलेली वस्तू दिसली तर ती काय आहे हे कळेपर्यंत बायका काठावर बसतात. त्या कुरकुर करतात. करू देत.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी खुटबावच्या विहिरीत नऊ जणी कॅन न बांधता या काठापासून त्या काठापर्यंत पोहून गेल्या आणि परत आल्या. मंगलवहिनींनी दोन फेऱ्या मारल्या.